हरणासकट शेत विकणे आहे

2025 मध्ये चीनने अमेरिकी सोयाबीनकडे पाठ फिरवली, तेव्हा आपल्याकडे चर्चा झाली ती ट्रम्प यांच्या आयातशुल्काची आणि लातूरच्या भावाची. आयोवाच्या शेतकऱ्याला त्यासोबत जमिनीच्या भावाचाही घोर असतो. आयोवा स्टेट विद्यापीठाच्या पाहणीत 2023 मध्ये एकरी सरासरी 11,835 डॉलर होती, ती 2024 मध्ये 11,467 वर उतरली.

पण दक्षिण आयोवातल्या किंवा उत्तर मिसुरीतल्या जमीनविक्रीच्या जाहिराती वाचा. इतके एकर मका-सोयाबीन, इतकं कुरण, एक तळं, ओकची झाडी; आणि सगळ्यात मोठा फोटो शिंगांचा पसारा मिरवणाऱ्या पांढऱ्या शेपटीच्या नर हरणाचा, रात्री झाडावरच्या कॅमेऱ्याने टिपलेला. मातीचा कस बेताचा, ओघळींनी चिरलेलं रान. तरीही शहरातला शिकारी त्यासाठी पैसे मोजतो. आपल्याकडे त्याला आधी शेतकरी असल्याचा दाखला लागला असता.

हरणाला नुसतं जंगल नको असतं. मका खायला, झाडी लपायला, गवत पाडसांना. हे तिन्ही जिथे एकमेकांना भिडतात त्या कडेला ते राहतं. आयोवातल्याच बर्लिंग्टनला 1887 मध्ये जन्मलेल्या आल्डो लिओपोल्डने 1933 च्या आपल्या ग्रंथात हे सविस्तर मांडलं. हा माणूस नुसता निसर्गवेडा नव्हता, हिशेबीही होता. 1930 मध्ये शिकारीच्या धोरणाचा राष्ट्रीय मसुदा करणाऱ्या समितीचा तो प्रमुख होता. शेतकऱ्याने बांधावरची झुडपं राखावीत असं वाटत असेल, तर त्याच्या पदरात काहीतरी पडलं पाहिजे, हा त्यातला एक मुख्य मुद्दा. नंतर 1935 मध्ये त्याने स्वतः विस्कॉन्सिनमध्ये कस गेलेलं शेत घेतलं आणि कुटुंबासह त्यात झाडं लावली.

लिओपोल्डचं म्हणणं अर्धंच खरं ठरलं. झुडपांना किंमत आली, पण ती बरेचदा शेतकऱ्याला एकदाच मिळते, जमीन सोडताना.

आणि घेणाऱ्याला नेमकं काय मिळतं? उभा मका बहुधा खंडाने कसणाऱ्याचा. आयोवात खंडाचं वर्ष 1 मार्चला सुरू होतं आणि करार मोडायचा तर नोटीस 1 सप्टेंबरच्या आत द्यावी लागते. उतारावरचं गवत अनेकदा एका सरकारी योजनेच्या करारात अडकलेलं: 1985 च्या शेती कायद्यातून आलेली ही योजना दहा ते पंधरा वर्षं जमीन पडीक ठेवण्याचं भाडं देते. नव्या मालकाने करार पुढे चालवला नाही, तर घेतलेलं भाडं व्याजासह परत जातं. हरीण तर विक्रेत्याचं कधी नव्हतंच. वन्यप्राणी राज्याच्या ताब्यातली जनतेची ठेव. आयोवात बाहेरच्या राज्यातला मालक असेल, तर स्वतःच्या शेतात शिंगाळा नर मारायलाही त्याला सोडतीत नाव घालावं लागतं.

उरतो तो फाटक बंद करण्याचा हक्क. माझ्या मते खरी किंमत त्याचीच आहे. पूर्वी शेजारच्या पोराने दार वाजवून विचारलं की शेतकरी सहसा शिकारीला हो म्हणायचा. आता फाटकावर पाटी असते. कुरणात गाई सोडून धंदा उभारू पाहणाऱ्या तरुणाला तर हा भाव झेपतच नाही; शिवाय कित्येक नव्या मालकांना गाई नकोच असतात, त्या हरणाचा आडोसा खाऊन टाकतात.