भेंडीवरील केवडा : विषाणू झाडास कसा फसवतो

भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, मग सबंध पान पिवळे होते आणि फळे लहान, फिकट व निबर निघतात. हाच केवडा रोग. मुंबई इलाख्यात त्याची नोंद १९२४ साली झाली. तो विषाणूमुळे होतो व पांढरी माशी त्याचा प्रसार करते.

विषाणूपाशी स्वतःच्या वाढीचे साहित्य नसते. ते झाडाच्या पेशीतूनच मिळवावे लागते. परंतु पूर्ण वाढलेल्या पानातील पेशींचे विभाजन थांबलेले असते. ‘आता पुरे’ असा इशारा देणारे एक प्रथिन त्यांस आवरून धरते. या गटातील विषाणूंचे प्रथिन नेमके त्यालाच जाऊन चिकटते. मग आवर सुटतो, पेशी पुन्हा सामग्री जमवू लागते आणि तिच्यावर विषाणू आपली संख्या वाढवितो.

दुसरी लबाडी याहून घातक आहे. कीड पानास उपद्रव देऊ लागताच झाडात जास्मोनिक आम्ल तयार होते. त्याच्या सूचनेने पेशी किडीस नकोशी द्रव्ये निर्माण करतात. चीनमध्ये टोमॅटोवरील अशाच एका विषाणूचा अभ्यास झाला. विषाणूच्या सोबतीस असणाऱ्या उपविषाणूचे प्रथिन ही सूचना मध्येच अडविते, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. झाडाचे संरक्षण ढिले पडले की पांढऱ्या माशीचे फावते, आणि तीच विषाणू पुढे नेते. भेंडीच्या विषाणूबरोबरही असा उपविषाणू असतो, हे भारतात २००३ साली दाखविण्यात आले.

शेतकऱ्यांनी काय करावे ?

रोग जडलेल्या झाडातील विषाणू मारील असे औषध नाही. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ३५ दिवसांच्या पिकास लागण झाली तेव्हा ९४ टक्के उत्पन्न बुडाले. ६५ दिवसांनी झाली तेव्हा ४९ टक्के. यास्तव पहिला दीड महिना पिकास फार जपावे. पिवळ्या शिरांचे झाड दिसताच ते उपटून पुरून टाकावे. दयेने राखू नये. बांधावरील तण काढावे, पिवळे चिकट सापळे लावावेत व पाच टक्के निंबोळी अर्क पानांच्या खालच्या बाजूस पोहोचेल असा फवारावा.

रोगप्रतिकारक वाण अवश्य निवडावा, पण केवळ त्यावर विसंबू नये. पुसा सावनी या वाणाची प्रतिकारशक्ती कालांतराने टिकली नाही. ग्रामसेवकांनी ही गोष्ट शेतकरी बंधूंस रोगट झाड हाती देऊन, प्रत्यक्ष शेतावरच समजावून सांगावी.