जमीन हलते तिथलं घर, हलत नाही तिथलं घर

लंडनमध्ये विकायला निघालेल्या घराच्या जाहिरातीत ‘व्हिक्टोरियन’ हा शब्द दिमाखात पुढे असतो. राणी व्हिक्टोरियाच्या काळात, म्हणजे १८३७ ते १९०१ दरम्यान बांधलेलं घर. त्यातली शेकोटी, छताची नक्षी, खिडक्यांच्या मूळ चौकटी शाबूत असतील तर किंमत चढते. टोकियोतल्या जाहिरातीतही घराचं वय लिहिलेलं असतं, पण तिथे ते वाढलं की किंमत उतरते. सोबत चौरस मीटर, दक्षिणेचं ऊन आणि स्टेशनपासून चालत किती मिनिटं, याचा आकडा असतो. ८० मीटरला एक मिनिट असा त्याचा ठरलेला हिशेब आहे. ब्रिटनमध्ये मात्र चौरस मीटरच्या आधी बेडरूम किती, हे विचारलं जातं.

जपानच्या करनियमांत लाकडी घराचं आयुष्य २२ वर्षं धरलेलं आहे. हा खरं तर घसाऱ्याचा हिशेब. बाविसाव्या वर्षी घर पडत नाही. पण बाजारानंही साधारण तोच सूर धरला. वीस-पंचवीस वर्षांत घराची किंमत जवळजवळ शून्यावर येते आणि मोल उरतं ते जमिनीचं. जागा विकत घेणारा पुष्कळदा जुनं घर पाडून नवं बांधतो. याउलट इंग्लंडमध्ये दर पाच घरांपैकी जवळजवळ एक १९१९ पूर्वीचं आहे आणि त्यात माणसं रोजचा संसार करतात.

असं का झालं, याचं उत्तर शोधताना आधी आगीकडे पाहावं लागतं. १६६६ मध्ये लंडन जळलं. दुसऱ्याच वर्षी पुनर्बांधणीचा कायदा आला आणि शहरातल्या घरांच्या बाहेरच्या भिंती विटांच्या किंवा दगडाच्या असाव्यात, असं ठरलं. भिंतींची जाडीसुद्धा कायद्यानं नेमून दिली. पुढे कारखाने वाढले तशा कामगारांसाठी घरांच्या रांगाच्या रांगा उभ्या राहिल्या. दोन घरांत एक सामायिक भिंत, पुढे रस्ता, मागे अंगण. पायाखालची जमीन स्थिर होती, त्यामुळे एकदा रचलेली वीट जागची हलली नाही.

टोकियोही वारंवार जळत असे. १८७२ मध्ये गिंझा भाग भस्मसात झाल्यावर मेइजी सरकारनंही विटेकडेच पाहिलं. थॉमस वॉटर्स या पाश्चात्त्य अभियंत्याकडे आराखडा सोपवला आणि रुंद रस्ते, विटांची दुकानं-घरं, पुढे खांबांची पडवी असा नवा गिंझा उभा राहिला. लोकांना तो मानवला नाही. टोकियोच्या दमट उन्हाळ्यात त्या बंदिस्त घरांत ओल धरायची आणि बरीच घरं सुरुवातीला रिकामी पडली.

खरी परीक्षा पुढे झाली. २८ ऑक्टोबर १८९१ रोजी मध्य जपानात नोबीचा भूकंप झाला आणि सात हजारांहून अधिक माणसं मेली. लिव्हरपूलमध्ये जन्मलेला जॉन मिल्न तेव्हा टोकियोत शिकवत होता. १८८० मध्ये जपानची भूकंपशास्त्र संस्था उभारण्यात त्याचा मोठा वाटा होता. भूकंपानंतर तो आणि त्याचा सहकारी विल्यम बर्टन यांनी त्या प्रदेशाची छायाचित्रं आणि नोंदी पुस्तकरूपानं प्रसिद्ध केल्या. पाश्चात्त्य धर्तीच्या विटांच्या नव्या इमारती ढासळल्या होत्या. लाकडी घरंही हजारोंनी पडली होती, त्यामुळे लाकूड जिंकलं असं म्हणता येत नाही. पण लंडनची वीट उचलून आणली की घर भक्कम होतं, हा विश्वास तिथे मोडला. गिंझाच्या विटांचं जे काही उरलं होतं ते १ सप्टेंबर १९२३ च्या कांतो भूकंपानं संपवलं. त्या दिवशीची आगच इतकी भयंकर होती की एक लाखाच्या आसपास माणसं दगावली.

त्यानंतर १९४५ चे बॉम्बहल्ले आले. युद्ध संपल्यावर लाखो बेघरांसाठी घाईनं आणि स्वस्तात घरं बांधावी लागली. ती टिकाऊ नव्हती, म्हणून पाडली गेली. १९७८ च्या मियागी भूकंपानंतर जून १९८१ मध्ये नवे भूकंपरोधक निकष लागू झाले. १९९५ मध्ये कोबे हादरलं आणि सहा हजारांहून जास्त लोक मृत्युमुखी पडले, तेव्हा जड कौलांची जुनी लाकडी घरं कोसळली आणि नव्या निकषांची घरं पुष्कळ अंशी तगली. म्हणून जपानमध्ये घर घेताना ते १९८१ च्या आधीचं की नंतरचं, हा प्रश्न आजही पहिला असतो.

इसे इथलं शिंतो देवस्थान दर वीस वर्षांनी नव्यानं बांधलं जातं. त्याचा दाखला देऊन ‘नवं बांधणं जपानी रक्तातच आहे’ असं सांगितलं जातं. ते पटत नाही. नारा जवळच्या होर्यूजी मठातल्या लाकडी इमारती जवळपास तेराशे वर्षं उभ्या आहेत. घर अल्पायुषी झालं ते आगीनं, भूकंपानं, युद्धानं आणि नंतर करनियम व बाजारानं.

आत शिरलं की फरक आणखी उघड होतो. जपानी घराच्या दारात गेंकान असतं: जमिनीच्या पातळीचा एक खोलगट चौकोन. जोडे तिथे उतरवायचे आणि पायरी चढून घरात यायचं. जुन्या पद्धतीच्या खोलीत साधारण १८० बाय ९० सेंटीमीटरच्या ताटामी चटया असतात आणि खोलीचं माप चटयांतच सांगतात: सहा चटयांची, आठ चटयांची. रात्री गाद्या पसरल्या की ती झोपण्याची खोली, सकाळी त्या भिंतीतल्या कपाटात गेल्या की बसायची. मधले सरकते पडदे काढले तर दोन खोल्यांची एक होते. ब्रिटिश घरात प्रत्येक खोलीला कायमचं काम नेमलेलं असतं, जड पलंग आणि सोफा ते सांगतात, आणि दार लावून घेता येतं.

या दाराची किंमत इसाबेला बर्ड या इंग्रज प्रवासी लेखिकेला १८७८ मध्ये उत्तर जपानातल्या सरायांत कळली. कागदी पडद्यांना भोकं असायची आणि भोकांमागे गावकऱ्यांचे कुतूहलाचे डोळे. पुढे १९०० ते १९०२ या काळात कादंबरीकार नात्सुमे सोसेकी लंडनमध्ये राहिला. त्याच्या वाट्याला नेमकं उलटं आलं. भाड्याच्या खोल्या बदलत तो पाच ठिकाणी राहिला आणि बंद दारांआडच्या एकटेपणानं पार खचला.

पाण्याचा व्यवहारही वेगळा. जपानी माणूस अंग टबाबाहेर धुतो आणि मग चाळीस-बेचाळीस अंशांच्या पाण्यात नुसता बसतो. त्यामुळे तेच पाणी साऱ्या कुटुंबाला चालतं. कित्येक घरांत उरलेलं पाणी पंपानं कपडे धुण्याच्या यंत्रात जातं. शौचालय वेगळ्या खोलीत आणि त्याच्या सपाताही वेगळ्या. ब्रिटिश घरात टब, बेसिन आणि शौचालय बहुधा एकत्र असतात, पण तिथे विजेचं साधं सॉकेट नसतं आणि दिवा अनेकदा छताची दोरी ओढून लावतात. म्हणून कपड्यांचं यंत्र स्वयंपाकघरात येतं. जुन्या बेसिनला गरम आणि गार पाण्याचे दोन स्वतंत्र नळ दिसतात. गार पाणी थेट मुख्य जलवाहिनीतून येई, गरम पाणी माळ्यावरच्या टाकीमार्गे. ते पिण्याजोगं धरत नसत, म्हणून दोन्ही मिसळू दिलं जात नसे.

थंडीच्या बाबतीत मात्र दोन्ही घरं कमी पडतात. चौदाव्या शतकातल्या योशिदा केन्को या भिक्षू-लेखकानं घर उन्हाळा डोळ्यांपुढे ठेवून बांधावं असा सल्ला दिला होता आणि दमट हवेत तो योग्यच होता. पण त्यामुळे होक्काइदो सोडलं तर जपानी घर हिवाळ्यात गारठतं. कुटुंब रजई घातलेल्या, खालून ऊब देणाऱ्या कोतात्सू टेबलाभोवती जमतं. मार्गिका आणि न्हाणीघर बर्फगार राहतं. उबदार खोलीतून तिथे आणि तिथून कढत पाण्यात जाताना रक्तदाब एकदम वर-खाली होतो आणि दर हिवाळ्यात वृद्धांचे जीव जातात. ब्रिटनमध्ये बहुतेक घरांत रेडिएटर आहेत, पण व्हिक्टोरियन काळातल्या भिंती सलग विटांच्या. मधे हवेची पोकळी नाही. उष्णता बाहेर जाते, भिंतीवर दव धरतं, बुरशी येते. २०२० मध्ये रॉचडेल इथे बुरशीनं भरलेल्या एका सदनिकेत दोन वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. ते घर जुनं व्हिक्टोरियन नव्हतं, सामाजिक गृहसंस्थेची भाड्याची सदनिका होती. त्यानंतर अशा घरमालकांना ओल ठरावीक मुदतीत दूर करायला लावणारा कायदा आला.

जपाननं २००९ पासून दीर्घायुषी घरांना सवलती देणारा कायदा लागू केला आणि एप्रिल २०२५ पासून प्रत्येक नव्या घराला ऊर्जाबचतीचे निकष सक्तीचे केले. पण २०२३ च्या पाहणीत तिथे ९० लाख घरं रिकामी आढळली, एकूण घरांच्या १३.८ टक्के. आईवडील गेल्यावर मुलं शहरात, आणि गावातलं घर विकायला गिऱ्हाईक नाही. काही नगरपालिका अशा घरांच्या याद्या करून ती अगदी किरकोळ किमतीत देऊ करतात. ती घेऊन, भिंती आणि खिडक्या बदलून राहणारी तरुण कुटुंबंही आता जपानमध्ये दिसू लागली आहेत.