पाच लिटर पेट्रोल आणि परदेशातली एक कोजागिरी

2024 च्या जानेवारीतले पहिले दोन दिवस पुष्कळांच्या लक्षात असतील. नव्या कायद्यातील अपघाताच्या कलमाविरुद्ध मालमोटारींच्या चालकांनी चाके थांबवली. मनमाडजवळच्या पानेवाडीतून टँकर निघेनात, आणि गावोगावच्या पंपांवर मोटारसायकलींच्या रांगा लागल्या. कुणी बाटल्या घेऊन आले, कुणी कॅन. दोन दिवसांत तडजोड झाली आणि सारे सुरळीत झाले.

त्या रांगेची गोष्ट निघाली तेव्हा सुटीवर आलेला आमचा पुतण्या ओसरीवर बसून हसत होता. म्हणाला, “काका, तुम्ही दोन दिवसांत घाबरलात. माझी गाडी फ्रान्समध्ये एका शेतकऱ्याच्या दारात उभी राहिली होती. आईला अजून खरं सांगितलेलं नाही.” मग त्याने जे सांगितले ते वाचकांच्याही उपयोगी पडेल असे वाटल्याने येथे देत आहे. ज्यांची मुले परदेशी आहेत त्यांनी तर जरूर वाचावे.

संप कशासाठी होता?

पुतण्या जर्मनीत स्टुटगार्ट येथे नोकरीला. तेथे त्याने जुनी मोटारसायकल घेतली. 2022 च्या ऑक्टोबरात आठवड्याची रजा काढली आणि फ्रान्स ओलांडून उत्तरेचा समुद्र पाहायचा बेत केला.

त्याच सुमारास फ्रान्समधील तेलशुद्धीकरण कारखान्यांत संप पेटला होता. युक्रेनच्या युद्धानंतर तेलाचे भाव चढले, तेल कंपन्यांना भरघोस नफा झाला आणि दुसरीकडे महागाईने कामगारांच्या घरचे गणित बिघडले. म्हणून सीजीटी या कामगार संघटनेने 10 टक्के पगारवाढ मागितली. त्यातले 7 टक्के महागाईपोटी आणि 3 टक्के नफ्यातला वाटा म्हणून. सप्टेंबरच्या अखेरीस एकामागून एक कारखाने बंद पडत गेले आणि देशातील सातपैकी सहा कारखान्यांपर्यंत संप पोचला. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात देशातील सुमारे तीस टक्के पंपांवर कोणते ना कोणते इंधन संपलेले होते. सर्वांत अधिक झळ उत्तर भागाला बसली, आणि आमचे चिरंजीव नेमके तिकडेच निघाले होते.

टाळलेली रांग

शनिवारी, 8 ऑक्टोबरला तो निघाला. फ्रान्समधल्या मेत्झ शहरी मुक्काम करून सकाळी टाकी काठोकाठ भरली. गाडीची टाकी पंधरा लिटरची. लिटरला बावीस किलोमीटर धरले तर सव्वातीनशे किलोमीटरची बेगमी. एकशेनव्वद किलोमीटरवर रँस शहर आले. तेथील एका पंपावर पेट्रोल होते, पण रांग तासा-दीड तासाची. याने मनाशी म्हटले, ‘शहरात गर्दी असणारच. पुढे लहान गावांत निवांत मिळेल.’

येथेच तो चुकला. फ्रान्समध्ये निम्म्याहून अधिक इंधन मोठ्या बाजार-दुकानांच्या पंपांवर विकले जाते आणि खेड्यांतले लहान पंप आता फार कमी उरले आहेत. पुढे पंचाण्णव किलोमीटरवर सँ-काँतँ हे गाव लागले. तेथे पहिल्या पंपावर नळ्यांना पट्ट्या गुंडाळलेल्या. दुसऱ्यावर पाटी. तिसऱ्यावर मोटारी उभ्या दिसल्या म्हणून आशेने गेला, तर तेथे नुसते डिझेल शिल्लक. चौथा पंप शोधता शोधता गावाबाहेर पडला आणि दिवेलागणीच्या सुमारास गाडी दोन आचके देऊन बंद पडली.

दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर शेते. बांधावर बिटाचे ढीग. ना ओळख, ना भाषा. त्यात आमच्या वहिनींचा फोन आला, “आज कोजागिरी आहे, दूध घेतलंस का?” हा म्हणाला, “हो आई, घेतलं. छान चाललंय.” फोन ठेवून गाडी ढकलू लागला.

बिटाचा शेतकरी

अर्ध्या तासाने एक वाडा लागला. अंगणात साठीचा एक गृहस्थ ट्रॅक्टरपाशी काही करीत होता. फोनवरील भाषांतराच्या सोयीने आणि हातवाऱ्यांनी बोलणे झाले. त्याने आधी याला घरात बोलावून गरम सूप आणि पाव दिला. मग परसातली डिझेलची टाकी ठोकून दाखवली. तिकडे बहुतेक शेतकरी शेतीकामाचे डिझेल अशा घरच्या टाकीत साठवतात. त्यावर कर कमी, म्हणून ते लाल रंगाचे असते आणि रस्त्यावरच्या मोटारीत घालायला बंदी असते. टाकीचा आवाज पोकळ आला. जेमतेम दोन दिवसांचे डिझेल उरले होते.

तो भाग म्हणजे बिटाच्या साखरेचा मुलूख. आपल्याकडे उसाची तोड जशी कारखान्याच्या पाळीने येते, तशीच तेथे बीट काढणीची. फरक इतकाच की तोडलेला ऊस थांबत नाही, बीट मात्र बांधावर ढीग घालून काही आठवडे राहते. परंतु बीट जमिनीतून निघाल्याशिवाय त्या रानात गहू पेरता येत नाही आणि पुढे पाऊस लागला की यंत्र चिखलात रुतते. यंत्राला डिझेल नाही म्हणजे एकाच वेळी दोन पिके अडली.

पुतण्याने विचारले, “संपवाल्यांचा राग येत नाही?” तो म्हणाला, “त्यांचं मागणं खोटं नाही. मीही रस्त्यावर ट्रॅक्टर उभे केले आहेत. पण माझं बीट कुणाशी वाटाघाटी करणार?”

मोटारसायकलीला डिझेल चालत नाही. त्या गृहस्थाने कोपऱ्यातून गवत कापण्याच्या यंत्रासाठी ठेवलेला पाच लिटर पेट्रोलचा कॅन आणला. पुतण्या संकोचला. या माणसाचीच अडचण, त्याच्याकडून कसे घ्यावे? नाही म्हणावे तर रात्र कुठे काढायची? शेवटी घेतले. पैसे मात्र त्याने पंपाच्या पावतीवर होते तेवढेच घेतले, एक सेंटही जास्त नाही. त्या दिवसांत अडलेल्याला दुपटीने विकणारेही असतीलच. हा त्यातला नव्हता. रात्री मागच्या खोलीत झोपायला जागा दिली. खिडकीतून बिटाच्या ढिगांवर कोजागिरीचे चांदणे दिसत होते.

समुद्र राहिला

सकाळी पुतण्याने हिशेब केला. पाच लिटरमध्ये एकशेदहा किलोमीटर. समुद्राकडे गेलो तर तिकडेही पंप कोरडे. बेल्जियमची हद्द मात्र नव्वद किलोमीटरच्या आत. त्याने समुद्राचा नाद सोडला आणि गाडी बेल्जियमकडे वळवली. गाडी सावकाश, एकाच वेगाने हाकली. हद्दीपलीकडच्या पहिल्या पंपावरही फ्रान्सच्या मोटारींची रांग होती. या वेळी मात्र तो मुकाट्याने रांगेत उभा राहिला.

त्यानंतर दोनच दिवसांनी, 12 ऑक्टोबरला, फ्रान्सच्या सरकारने नॉर्मंडीतील एका तेल कोठारातील कामगारांना सक्तीने कामावर बोलावण्यास आरंभ केला. 14 ऑक्टोबरला सर्वांत मोठ्या तेल कंपनीशी इतर दोन संघटनांनी 7 टक्के वाढीवर करार केला. तरी काही कारखान्यांतला संप नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत रेंगाळला. फ्रान्सला हे नवे नाही. 2010 मध्ये निवृत्तीचे वय 60 वरून 62 करण्याच्या वेळी तेव्हाचे सर्व बारा कारखाने संपात सापडले होते.

ध्यानात ठेवावे असे

परदेशी गाडीवर फिरणाऱ्या मुलामुलींना पुतण्याचे सांगणे असे:

1. संपाची बातमी असेल तर टाकी निम्मी झाली की भरावी. रांग दिसली तर ती टाळू नये. रांग आहे याचा अर्थ तेथे इंधन आहे.

2. कोणत्या पंपावर काय मिळते हे फ्रान्सचे सरकार फोनवर दाखवते. निघण्यापूर्वी ते पाहावे.

3. फ्रान्समध्ये ‘गॅझोल’ म्हणजे डिझेल. युरोपात 2018 पासून पंपावर खुणा आहेत. गोल खूण पेट्रोलची, चौकोनी डिझेलची. गोलात ई-85 लिहिलेले पेट्रोल साध्या गाडीत घालू नये.

4. टंचाईत कॅन भरून देण्यास तेथे बऱ्याच जिल्ह्यांत बंदी येते. कॅनच्या भरवशावर राहू नये.

5. परतीचा रस्ता दुसऱ्या देशातून काढता येतो का, हे आधीच नकाशावर पाहून ठेवावे.

आपण घरी बसलेल्यांनीही एक करावे. टंचाईच्या अफवेने बाटल्या-कॅन भरून पेट्रोल घरात, चुलीजवळ ठेवू नये. त्याने टंचाई वाढते आणि घराला आगीचा धोका होतो.

पुतण्या जर्मनीला परत जाताना वहिनींनी गुळाची एक ढेप त्याच्या सामानात घातली. त्या शेतकऱ्याला द्यायला. खरे काय झाले ते मीच त्यांना सांगितले होते. त्या पुतण्यावर रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “बिटाची साखर करणाऱ्याला उसाचा गूळ कळेल.”