रिपोर्ट कोणत्या ब्राउझरमध्ये उघडता?

अकोले तालुक्यातल्या डोंगरी गावांत किंवा पाथर्डीहून ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत आईच्या हातातला मोबाइल बहुधा मुलाने वापरून सोडलेला असतो. रक्ततपासणीचा रिपोर्ट त्यावरच पीडीएफ होऊन येतो. क्षयरोग, एचआयव्ही, मूल न होणे, अंगावरून पांढरं जाणे असे घरात न विचारता येणारे प्रश्नही त्यावरच विचारले जातात.

टूजीच्या काळात अशा फोनवर यूसी ब्राउझर हमखास असे. वेबसाइटचे पान आधी कंपनीच्या सर्व्हरवर जाई, तिथे आटून लहान होई आणि मग फोनवर येई. डेटा वाचे, हे खरेच. पण रुग्ण आणि वेबसाइट यांच्यामध्ये तिसरा कोणी बसला आहे, हे कुणाच्या ध्यानात येत नसे.

२०१५ मध्ये टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने हा ब्राउझर तपासला. इंग्रजी आवृत्तीत शोधलेले शब्द उघडेच जात होते, पाकिटात न घातलेल्या पोस्टकार्डासारखे. चिनी आवृत्तीतून तर फोनचा आणि सिमचा ओळख क्रमांकही असाच बाहेर पडत होता. आजार आणि माणूस यांची गाठ घालायला एवढे पुरते.

२०१९ मध्ये डॉक्टर वेब या रशियन कंपनीने आणखी एक दोष दाखवला. पीडीएफ उघडायला लागणारा जोडभाग हा ब्राउझर असुरक्षित मार्गाने उतरवून घेई आणि तो खरा की बनावट हे न तपासताच चालवी. वाटेत कुणी तो बदलला, तर रिपोर्ट उघडताना फोनमध्ये भलतेच काही शिरू शकत होते.

२९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ अ‍ॅपवर बंदी घातली. त्यात यूसी ब्राउझर होता. मात्र बंदीमुळे जुन्या फोनमधली प्रत आपोआप पुसली जात नाही. तिला सुधारणाही मिळत नाहीत. ती काढून टाकावी.

दुसरा हलका ब्राउझर घेतला म्हणून निर्धास्त होऊ नये. यातले बरेचसे म्हणजे ‘अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू’वर चढवलेले नुसते कव्हर असते. त्यामुळे प्ले स्टोअरमध्ये ब्राउझरबरोबर वेबव्ह्यूही अपडेट करावा. नातवाला सांगितले तरी पाच मिनिटांत होते. फोन इतका जुना असेल की अपडेटच येत नाही, तर त्यावर बँकेचा किंवा आभा खात्याचा पासवर्ड टाकू नये. रिपोर्ट छापील मागावा.