आंबा आणि पत्रिका

बंगळूरच्या इंदिरानगरात बिऱ्हाड केलेली एखादी मराठी गृहिणी आंबा वासावरून पारखते. एकदा फसली की त्या गाडीवर पुन्हा फिरकत नाही. मुलीची पत्रिका जुळविताना मात्र चुकलेली भाकिते ती मोजीत नाही. आंब्याची परीक्षा संध्याकाळी होते, लग्नाची वीस वर्षांनी. आणि तोवर निर्णयाचा भार वाहायला कोणीतरी हवे असते!

हे मोजण्याचे काम 2008 साली पुण्यात जयंत नारळीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवून त्यांतील चाळीस-चाळीस ज्योतिष्यांना ओळखावयास दिल्या. 27 जणांनी उत्तरे धाडली. सरासरी 46 टक्के बरोबर. नाणे उडविले असते तरी सुमारे 50 टक्के जुळली असती. एका संस्थेने सर्व 200 पाहिल्या. तिची 102 जुळली.