पोटातील रक्तस्राव आणि गिळायचा कॅमेरा

शौचास डांबरासारखे काळे व चिकट होऊ लागले की पुष्कळ जण ‘उष्णता झाली’ म्हणतात, ताक पितात आणि शेतावर जातात. ही चूक जिवावर बेतू शकते. लोहाच्या गोळ्यांनीही शौचास काळे होते हे खरे. पण अन्ननलिकेत, जठरात किंवा आतड्यात रक्त वाहत असल्याचीही ही खूण असते. सोबत घेरी, धाप किंवा थंड घाम असेल, तर घरी थांबू नये.

इस्पितळात आधी सलाईन आणि लागल्यास रक्त देऊन रोग्याला सावरतात. मग तोंडावाटे व गुदद्वारावाटे दुर्बीण घालून तपासतात. बहुतेकांचे कारण तेथेच सापडते. परंतु लहान आतडे सुमारे 6 मीटर लांब, वेटोळ्यांचे. त्याच्या मधल्या भागात या दुर्बिणी पोहोचत नाहीत. रक्त तेथून येत असेल तर काय करावे?

त्यासाठी कॅमेऱ्याची कॅप्सूल आहे. इस्रायलचे अभियंते गॅव्रिएल इड्डान मूळचे क्षेपणास्त्रांच्या कामातले. त्यांनी ही कल्पना काढली. 2001 साली अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. सुमारे 26 मिलिमीटर लांब व 11 मिलिमीटर जाड अशा या कॅप्सूलमध्ये कॅमेरा, दिवे व बॅटरी असते. रात्रभर उपाशी राहून ती पाण्याबरोबर गिळायची. आतड्याच्या हालचालीनेच ती पुढे सरकते आणि सेकंदाला साधारण 2 चित्रे कमरेच्या पट्ट्यावरील यंत्राकडे पाठवते. आठेक तासांत पन्नास हजारांवर चित्रे जमतात. डॉक्टर ती संगणकावर पाहतात. कॅप्सूल शौचावाटे निघून जाते.

त्यात नाजूक फुगलेल्या रक्तवाहिन्या, वेदनाशामक गोळ्यांनी पडलेले व्रण, गाठी दिसतात. कधी आतड्याला चिकटलेले अंकुशकृमीही दिसतात. अनवाणी मातीत राबणाऱ्यांच्या पायांतून हेच जंत शरीरात शिरतात.

रक्तस्राव चालू असताना किंवा त्यानंतर दोन-तीन दिवसांत ही तपासणी झाली तर जागा सापडण्याचा संभव अधिक. म्हणून दिरंगाई नको.

मात्र कॅप्सूल फक्त दाखवते. ती रक्त थांबवीत नाही, तुकडाही काढीत नाही. आतडे अरुंद असेल तर ती अडकू शकते. आतड्याचा क्षय, पोटाची जुनी शस्त्रक्रिया किंवा सांधेदुखीच्या गोळ्यांची सवय असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे. कॅप्सूल बाहेर पडेपर्यंत एमआरआय करू नये.

तेव्हा काळे शौचास झाले तर लाजू नका, लपवू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.