पाण्यातला इवलासा पहारेकरी

पाणी उकळून प्यावं, हा आपल्या घराघरांतला जुना सल्ला. माझी अम्मीही तेच सांगायची. सल्ला चांगलाच आहे. उकळल्याने रोगजंतू मरतात. पण तलावांत, धरणांत एक असं विष तयार होऊ शकतं, की ते उकळूनही जात नाही. उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं.

उन्हाळ्यात संथ पाण्यावर हिरवीगार साय धरलेली तुम्ही पाहिली असेल. आपण तिला शेवाळ म्हणतो. खरं तर ते नीलहरित जिवाणू. सांडपाण्यातून, खतांतून फॉस्फरस आणि नायट्रोजन मिळाले की ते झपाट्याने वाढतात. त्यांतले काही मायक्रोसिस्टिन नावाचं विष बनवतात. ते यकृतावर घाला घालतं. १९९६ मध्ये ब्राझीलमधल्या कारुआरू शहरात डायलिसिसच्या पाण्यात ते आलं आणि ५० हून अधिक रुग्ण दगावले. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात सुमारे ५ लाख लोकांना नळाचं पाणी पिऊ नका, असं सांगावं लागलं.

प्रयोगशाळेतली तपासणी नेमकी असते. पण ती नमुना घेतला त्या घटकेपुरतंच सांगते. रात्रंदिवस पहारा कुणी करायचा? इथे कामी येतो डॅफ्निया, म्हणजे पाण्यातली पिसू. काही मिलिमीटरचा हा पारदर्शक जीव. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचं धडधडतं हृदयसुद्धा दिसतं. पाणी गाळून त्यातलं शेवाळ तो खातो, त्यामुळे विषही त्याच्या पोटात जातं.

अशा पिसवा एका छोट्या कक्षात ठेवतात आणि त्यातून पाणी सतत वाहतं ठेवतात. कॅमेरा त्यांचं पोहणं टिपतो. वेग बदलला, त्या तळाशी जाऊ लागल्या, की संगणक इशारा देतो. १९८६ मध्ये बाझेलजवळ रसायनांच्या गोदामाला आग लागून ऱ्हाईन नदी विषारी झाली. त्यानंतर तिथली देखरेख कडक झाली. डॅफ्नियाचाही तिथे उपयोग झाला.

अर्थात, पिसू 'काहीतरी बिघडलंय' एवढंच सांगते. कोणतं विष, किती, हे प्रयोगशाळाच ठरवते. शिवाय तिलाही विषाची सवय होते. युरोपातल्या कॉन्स्टन्स सरोवराच्या गाळातली डॅफ्नियाची जुनी अंडी शास्त्रज्ञांनी उबवली. तेव्हा दिसलं, की सरोवर दूषित झाल्यानंतरच्या पिढ्या विषारी शेवाळ अधिक सोसतात. म्हणून पहाऱ्यासाठी प्रयोगशाळेत वाढवलेल्या पिसवाच बऱ्या.

पहारेकरी हाक देईल. पण तलावात सांडपाणी जाऊ न देणं, हे काम त्याचं नाही. ते आपलंच आहे.